चिल्ल्याचे चाळीस दिवस

सोलापुरात विजापूर वेशीच्या आसपासच्या आमच्या घरांत बाळंतीण चिल्ला होईपर्यंत खाली पाय ठेवत नाही. कानाला रुमाल, बाजेखाली शेगडी, पायांना रोज तेलाचे मालीश. पाणीसुद्धा मोजून, मग सोलापूरचा मे महिना का असेना! दादी-नानींनी हे सारे मायेपोटी केले आणि आम्ही लेकी-सुनांनी मुकाट्याने करून घेतले.

आमच्या धाकट्या भाभीचे सिझर झाले. बाराव्या दिवशी तिची डावी पोटरी सुजली, गरम लागू लागली. "वारं भरलं," म्हणत खाला तेलाची वाटी घेऊन बसल्या. अम्मीने त्यांचा हात धरला, "आधी दवाखाना." सोनोग्राफीत खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. पाय चोळला असता तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका होता. तिथे ती जीव घेते. रक्त गोठू न देणारी इंजेक्शने, मग काही महिने गोळ्या घेऊन भाभी बरी झाली.

मग आम्ही वाचू लागलो. हृदय रक्त पायांपर्यंत पोहोचवते. ते परत वर चढवायला पोटरीचे स्नायू हलावे लागतात. एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने गुठळीची तीन कारणे सांगतात : रक्त संथ होणे, शिरेला इजा होणे आणि रक्त लवकर गोठणारे होणे. बाळंतिणीत तिन्ही एकत्र येतात. रक्तस्राव आवरावा म्हणून कुदरतच तिचे रक्त लवकर गोठणारे करते. प्रसूतीत, सिझरमध्ये शिरांना इजा होते. उरलेले काम बाज करते. हा धोका पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त. म्हणजे जवळजवळ आमचा चिल्लाच!

खुब्याचे हाड मोडून पडलेले वडीलधारे, कॅन्सरचे रुग्ण, घरात कुणाला आधी गुठळी झालेली माणसे, यांनाही हा धोका असतो. हज-उमऱ्याला जाताना पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आमच्या बायका मेडिकलमधून परस्पर घेतात आणि विमानात पाच-सहा तास बसून राहतात. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, वाटेत उठून चालावे.

शरीअत बाळंतिणीला नमाज माफ करते, बाजेला बांधून ठेवत नाही. तिला आराम हवा, मायाही हवी. पण डॉक्टरांनी परवानगी दिली की तिला घरातल्या घरात चालू द्या, पोटभर पाणी द्या. एकच पाय सुजला, दुखला तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखले, तर तासाचाही उशीर नको.