दोघांना ठाऊक, ते तिसरीला

तिला स्वतःचं असं काही सुचत नाही. शोध लावणं हा तिचा पिंडच नव्हे. कान मात्र तिखट. ओळखीच्या दोन राज्यांना एखादी विद्या कळली, की ती तिनं आपल्या घरी आणलीच. एकालाच ठाऊक असेल तोवर गप्प बसते. दुसऱ्यानं दुजोरा दिला की बोलते.

ही अलेक्झांड्रियाची ग्रेट लायब्ररी. सिड मायरच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात ती १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. माझा जीव जडला तो २००१च्या तिसऱ्या आवृत्तीतल्या लायब्ररीवर. तिथं ‘ओळखीच्या’ या शब्दाला फार वजन आहे. राज्य बेटावर एकटं पडलं, तर ती मुकीच राहते. तिच्यासाठी म्हणून मी गलबतं खुल्या समुद्रात लोटली आहेत आणि त्यातली कितीतरी बुडालीही आहेत. शेजारी फारोसचा दीपस्तंभ उभा असेल तर ती तरतात. खरं म्हणजे प्राचीन सात आश्चर्यांच्या यादीत दीपस्तंभच आहे, लायब्ररी नाही. पण माझ्या लेखी तो राबतो तिच्यासाठी.

खऱ्या अलेक्झांड्रियातही तिचा स्वभाव हाच होता. गेलन या वैद्यानं लिहून ठेवलंय, की टॉलेमी राजाच्या हुकमानं बंदरात लागलेल्या जहाजांवरची पुस्तकं उतरवून घेत, नकलून काढत. मालकाला नक्कल परत मिळे आणि अस्सल प्रत लायब्ररीत राही. त्यावर शेरा असे : ‘जहाजांवरून’. खेळाचा तो एका ओळीचा नियम लिहिणाऱ्याला ही बाई नीट कळली होती, असं मला मनापासून वाटतं. पिरॅमिड किंवा झुलत्या बागा खेळात जे देतात, त्याचा मूळ वास्तूशी धागा शोधावा लागतो. इथं तो शोधावा लागत नाही.

पुढं पाचव्या आवृत्तीत तिला उदार केलं. बांधून झाली रे झाली, की एक विद्या फुकट! खेळाडू तिच्यावर तुटून पडतात, आणि एका टर्ननं हुकली तर हळहळतात. मलाही ती हवीशी वाटते, पण ओळखीची वाटत नाही. दिलं आणि मोकळी झाली. कान लावून बसणं गेलं, गलबताची वाट पाहणं गेलं.

तिसऱ्या आवृत्तीत तिचा शेवट ठरलेला आहे. ‘एज्युकेशन’ ही विद्या आपल्याला आली, की तिचं काम संपतं. म्हणून मी ती शिकतच नाही, मुद्दाम लांबवतो. पण एके दिवशी समुद्रापलीकडच्या दोन राज्यांना ती कळते. आणि तिच्या स्वभावाप्रमाणे ती बातमीही तीच घरी घेऊन येते.