गोष्ट आधी, तात्पर्य नंतर

मुलांनी पुस्तक मिटलं की आपण लगेच विचारतो, ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न मला हल्ली फार खटकतो. कुठे भीती वाटली, कोण आवडलं, हे आधी विचारायला हवं.

सध्या रात्री लेकीला भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ वाचून दाखवते आहे. फुरसुंगीचा काटकुळा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल दामटतो आणि संकट दिसलं की स्वतःहून त्यात उडी घेतो. भागवत उपदेशाचे डोस पाजत नाहीत. बनेशचं धाडस, मित्रासाठी धावून जाणं गोष्टीच्या वेगातच मुलांपर्यंत पोचतं. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या या लेखकाचा मुलांच्या बुद्धीवर पूर्ण विश्वास होता, असं मला वाटतं.

याच नावाच्या २०१७च्या चित्रपटात अमेय वाघने रंगवलेला फेणे तरुण आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला. चित्रपट मला आवडला. तरी शाळकरी नायक मोठा झाला की लहानग्यांचा हक्काचा सवंगडी हरवतो, याची हळहळ वाटते. मराठी पडद्याला आज असा सवंगडी हवा आहे.

तोवर असा सवंगडी पुस्तकांतच भेटतो. म्हणून मला वाटतं, थरारक, रंजक, लोकप्रिय पुस्तकं मुलांना मनसोक्त वाचू द्यावीत. गोडी लागली की बरं-वाईट ती स्वतःच पारखू लागतात. पालकांनी सोबत वाचावं, वाद घालावा, आणि पुढचं पुस्तक मुलांनाच निवडू द्यावं.