एल्काडर : अमेरिकेतील एका गावाच्या नावाची गोष्ट

अमेरिकेतील आयोवा हे राज्य मक्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या ईशान्य भागात, टर्की नावाच्या नदीकाठी, जेमतेम बाराशे वस्तीचे एक गाव आहे. नदीवर १८८९ साली बांधलेला दोन कमानींचा दगडी पूल आहे. भोवती टेकड्या आणि शेते आहेत. त्या भागातील इतर गावांसारखेच हे एक गाव. पण त्याचे नाव ऐका : एल्काडर! ओळखीचे वाटते ना? हे नाव अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर यांचे आहे.

अमेरिकेत गावांना नावे कशी पडली, हा मोठा गमतीचा विषय आहे. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडील जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत मोजली जाऊ लागली. अशा चौकोनाला टाउनशिप म्हणत. त्याचे ३६ भाग पाडत आणि सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवत. वस्तीला आलेले लोक मग मागे सोडलेल्या गावाचे, एखाद्या पुढाऱ्याचे किंवा जवळच्या नदीचे नाव देत. मात्र ही जमीन रिकामी नव्हती. सौक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांना १८३२ च्या युद्धानंतर पूर्व आयोवातील मोठा प्रदेश सोडावा लागला. आयोवा हे नावही एका मूळ जमातीचेच. नाव राहिले, जमीन गेली.

१८४६ साली टिमथी डेव्हिस, जॉन थॉम्प्सन आणि चेस्टर सेज या तिघांनी टर्की नदीकाठी गाव आखले. त्या वेळी अमीर अब्दुल कादिर फ्रेंच फौजांशी लढत होते आणि त्यांच्या शौर्याची कीर्ती अमेरिकेपर्यंत पोहोचली होती. परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्या या माणसाचे नाव त्यांनी आपल्या गावाला दिले.

पुढच्याच वर्षी अमीरांना शस्त्रे खाली ठेवावी लागली. पूर्वेकडील देशात जाऊ देण्याचा शब्द मोडून फ्रान्सने त्यांना १८५२ पर्यंत कैदेत ठेवले. नंतर ते दमिश्कला स्थायिक झाले. १८६० साली तेथे दंगल उसळली, तेव्हा त्यांनी हजारो ख्रिस्ती लोकांना आश्रय देऊन त्यांचे प्राण वाचवले. ज्यांच्या फौजांनी आपला मुलूख घेतला, त्यांच्याच धर्माचे हे लोक होते. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी त्यांना पिस्तुलांची जोडी भेट पाठवली. गावाने नाव घेतले ते योद्ध्याचे. अमीरांचे हे मोठेपण जगाला चौदा वर्षांनी दिसले.

एल्काडरला नाव मुसलमानाचे, पण वस्ती युरोपातून आलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची. नॉर्थ डाकोटा राज्यातील रॉस येथे नेमके उलटे घडले. १९०० च्या सुमारास उस्मानी सल्तनतीतील सीरिया प्रांतातून काही मुस्लिम कुटुंबे तेथे आली. १८६२ च्या कायद्यानुसार मिळणाऱ्या १६० एकर जमिनीवर त्यांनी शेती केली. १९२९ साली त्यांनी अर्धी जमिनीखाली असलेली छोटी मस्जिद बांधली. पुढे मुले शहरांत गेली, नमाजी कमी झाले आणि १९७० च्या दशकात ती इमारत पाडली गेली. २००५ साली त्याच जागी एक लहानशी मस्जिद उभी राहिली. शेजारच्या कब्रस्तानात चंद्रकोर कोरलेले दगड आहेत. त्या पहिल्या शेतकऱ्यांची नावे तेथेच वाचायला मिळतात.

एल्काडरने आपले नाव नुसते पाटीवर ठेवले नाही. १९८४ साली अमीरांच्या मुलुखातील मस्कारा शहराशी त्याने भगिनी-शहराचे नाते जोडले. तेथील एका शैक्षणिक प्रकल्पाने विद्यार्थ्यांना अमीरांच्या चरित्रावर निबंध लिहायला लावले. हे नाव कोणाचे, हे मुलांना सांगत राहिले तरच ते नाव जिवंत राहते. आपल्या घरातील, मोहल्ल्यातील आणि गावातील नावांचेही तसेच आहे.