हेक्ला बेटाचा पास

स्वतःच्या आईबापाच्या थडग्यावर फुलं ठेवायला जायचं, तर आधी गाडीच्या काचेला उद्यानाचा पास लावायचा, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. अम्मांना पचली आहे. निदान त्या तसं दाखवतात.

अम्मा म्हणजे आमच्या शेजारच्या आजी. त्यांची नातवंडं आइसलँडच्या पद्धतीने त्यांना अम्मा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या गिमलीला आलो. विनिपेग शहराच्या उत्तरेला, विनिपेग सरोवराच्या काठावरचं हे गाव. 1875च्या ऑक्टोबरात आइसलँडहून निघालेली माणसं इथे उतरली. मागे ज्वालामुखीची राख आणि उपासमार, पुढे गोठायला आलेलं पाणी. हा इतिहास इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो, ऑगस्टच्या उत्सवात तर तो ऐकून ऐकून कान किटतात. उत्सवातला सुकवलेल्या आलुबुखारांचा सात थरांचा विनारतेर्ता केक मात्र मला कितीही चालतो.

अम्मा मूळच्या गिमलीच्या नव्हेत. त्या उत्तरेकडच्या हेक्ला बेटावरच्या. 1876 पासून तिथे आइसलँडची कुटुंबं मासे मारून जगली. उन्हाळ्यात होड्या आणि हिवाळ्यात बर्फाखाली जाळी. बर्फाखाली जाळं कसं टाकतात ते मी अम्मांच्या मुलाबरोबर जाऊन पाहिलं. बर्फाला भोक पाडायचं आणि त्यातून एक लांब फळी आत सारायची. तिला जिगर म्हणतात. वरून दोरी ओढली की फळीचा लोखंडी दांडा बर्फाला खालून ढुशी मारतो आणि फळी पुढे सरकते. एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने बर्फावरून ठकठक ऐकत चालायचं. आवाज थांबला की तिथे दुसरं भोक. मग दोरीमागून जाळं. उणे तीस अंशात हे सगळं ओल्या हातांनी! कोकणात कोळ्यांचे हात मी लहानपणी पाहिलेत, पण हे काही वेगळंच.

तर हेक्ला. साठच्या दशकात मासे कमी झाले, पोरं शहरात जायला लागली. 1969 मध्ये सरकारने बेटावर उद्यान जाहीर केलं. अम्मा सांगतात, सुरुवातीला काहींना ते हवंही होतं. रस्ता होईल, हॉटेल येईल, पोरांना कामं मिळतील. मग कळलं, उद्यानासाठी जमीन लागणार आणि ती जमीन म्हणजे आपलीच. लगेच 1970 मध्ये सरोवरातल्या माशांत पारा सापडला. कारखान्यांचा पारा, पण मासेमारी बंद झाली कोळ्यांची. घर जातंय आणि धंदाही बसलाय, अशा माणसाशी भाव ठरवायला कोणीतरी कागद घेऊन येतं. त्याला व्यवहार कसं म्हणायचं? सही करणाऱ्याने स्वखुशीने केली असं कागदावर असेलही. अम्मांच्या नवऱ्याने सही केली, आणि त्यानंतर बेटाचं नाव घरात निघालं की ते उठून बाहेर जात.

पुढे त्यातली काही घरं डागडुजी करून, रंगवून पाहुण्यांना दाखवायला ठेवली. टोरांटोहून आलेली माझी एक मैत्रीण ती बघून म्हणाली, "इतकं सुंदर गाव लोकांनी सोडलं तरी कसं?" अम्मा शेजारीच होत्या. मराठी कळलं नाही म्हणून वाचलो.

मला हे इतकं का लागावं? आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. माझं आजोळ म्हणजे रायगड जिल्ह्यातली पुनर्वसन वसाहत. संध्याकाळी दिवे लागले की आजोबा म्हणायचे, "आपलीच वीज." कौतुकाने म्हणायचे की टोमण्याने, ते मला कधी कळलं नाही. त्यामुळे बेटावरून परत येताना गाडी चालवत मी सरकारला भरपूर शिव्या घातल्या, मराठीतून.

मग एकदा रिव्हरटन गावाजवळ सँडी बारला गेले. तिथे कुंपणात एक कबर आहे, बेट्सी रॅमझीची. संगमरवरी दगड आहे. आइसलँडची माणसं यायच्या आधीपासून तिथे मूळनिवासींची वस्ती होती, बेट्सीचा नवरा जॉन रॅमझी त्यांतला. वसाहतीसाठी आखलेल्या जमिनीत त्यांची घरं आणि शेतं आली. रॅमझीने हक्क सांगितला, तो कोणी मानला नाही. तरी या नवख्या, उपाशी माणसांना शिकार पुरवणाऱ्यांत तोच होता. 1876 मध्ये देवीची साथ आली. आइसलँडची शंभरेक माणसं गेली, पण सँडी बारची वस्तीच उठली. बेट्सी त्या साथीत गेली. जमीन गमावलेल्या त्या माणसाने बायकोसाठी लांबून संगमरवर आणवला.

मी घरी येऊन अम्मांना विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"रॅमझी आमचा मित्र होता असंच आम्हाला शिकवलं," त्या म्हणाल्या.

"ज्याची जमीन घेतली तो मित्र?"

अम्मांनी कप जरा जोरातच ठेवला. "आमची पोरं मरत होती गं तेव्हा. कुठे जाणार होते ते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आमच्या आजोबांची वसाहत ज्या माळावर वसवली, तो माळ कोणाच्या गुरांचा होता, हे आमच्या घरात कधी कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. असं खणत गेलं तर कोणाचंच दुःख शिल्लक राहणार नाही, आणि तेही मला मान्य नाही. हेक्लावर अन्याय झाला तो झालाच. सँडी बारचं नाव घेऊन तो कोणी लहान करायला लागलं, तर मी भांडेन.

मला विचाराल तर त्या रंगवलेल्या घरांवर कुटुंबाचं नाव आणि त्याला मिळालेली रक्कम, दोन्ही लिहावं. नुसती लेसच्या पडद्यांची खिडकी दाखवू नये. बेटावरच्या जुन्या कुटुंबांना पुढे काही भूखंड भाडेपट्ट्याने घेता आले. तेव्हा अम्मांच्या मुलाने अर्ज का केला नाही, म्हणून मी त्याच्यामागे लागले होते. आता लागत नाही. पण त्याला उद्या जागा मिळाली, तर भिंती रंगवायला सगळ्यात आधी मीच जाईन, हेही खरं.

त्याला यातलं काही नको आहे. 2013 मध्ये सरोवरात झेब्रा शिंपले सापडले, ते आता जाळ्यांना चिकटतात. उन्हाळ्यात हिरवं शेवाळ इतकं माजतं की दोर धुता धुता दिवस जातो. आमचा वाद ऐकून तो म्हणाला, "दोघी बसून ठरवा कोणाची जमीन ती. मला फक्त पहाटे होडीवर यायला एक माणूस द्या. चाळिशीच्या आतला मिळाला तर बरं."