नळीतली रेघ

मामांच्या शर्टाला पुढच्या बाजूनं बारीक बारीक भोकं असायची. लांबून पाहिलं तर कसर लागल्यासारखी. सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब उडाला की सुती कापड तेवढ्यापुरतं विरतं, हे मला पुढे कॉलेजात कळलं. लहानपणी एवढंच ठाऊक होतं, की आमच्या दूध संस्थेत फॅट काढणाऱ्या मामांकडे धड असा एकही शर्ट नाही.

वारणानगरपासून सायकलच्या टप्प्यावर आमचं गाव. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या साखर कारखान्यामागोमाग १९६८ साली वारणा दूध संघाची नोंदणी झाली आणि नदीकाठच्या गावोगावी दूध गोळा होऊ लागलं. उसाच्या पैशाला वर्ष लागायचं. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. आमच्यासारख्या दीड एकरवाल्यांचं मीठमिरची, पेंड, माझ्या वह्या, एस.टी.चा पास, सगळं त्या बिलावर. आणि बिल ठरायचं मामांच्या डोळ्यावर.

हे शब्दशः खरं आहे. फॅटच्या नळीत आधी १० मिलिलिटर ॲसिड, त्यावर सावकाश १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, दूध तपकिरी होतं. मग हातानं फिरवायच्या यंत्रात चार-पाच मिनिटं गरगर, नंतर ६५ अंशांच्या गरम पाण्यात. शेवटी नळीच्या अरुंद गळ्यात पिवळसर फॅट वर येऊन उभी राहते आणि काचेवरच्या रेघांवरून ती वाचायची. नळी डोळ्याच्या जरा वर धरली तर आकडा वेगळा, जरा खाली धरली तर वेगळा. एका पॉइंटचा फरक मनगटाच्या हलक्या हालचालीत होऊ शकतो, आणि तो पॉइंट कुणाच्या तरी घरचं गोडं तेल असतो.

दूध नुसतं मापावर विकलं जायचं तेव्हा पाणी घालणाऱ्याचं फावायचं. १८९० साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी फॅट मोजण्याची सोपी रीत काढली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. पाठोपाठ स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांची रीत आली; तीच आपल्याकडे रूढ झाली. मामांना ही नावं ठाऊक नव्हती. पण ज्या गोष्टीसाठी त्या माणसांनी ही खटपट केली, ती गोष्ट मामा रोज दोन वेळा पाळत होते. स्वतःच्या घरच्या दुधाची नळी ते कधी वाचत नसत. ती सेक्रेटरींच्या हातात द्यायचे आणि तोवर यंत्र पुसत उभे राहायचे.

मी नववीत असताना एकदा आमच्या म्हशीची फॅट घसरली. नेहमी सहाच्या पुढं लागायची, ती ५.१ वर आली. दुसऱ्या दिवशीही तेच. परीक्षेची फी भरायची होती. आई कॅन खाली ठेवून थेट म्हणाली, "दादा, पोरीच्या फीपुरतं तरी बघा की. पुढल्या बिलात कमी लावा."

मामांनी मान वर केली नाही. लिहून झालं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "आक्का, आकडा माझा न्हाई, म्हशीचा हाय."

आईला तो शब्द फार लागला. वाटेत ती बोलली नाही. पण त्याच संध्याकाळी धारेच्या वेळेला मामा आमच्या गोठ्यात हजर. बादली उलटी करून त्यावर बसले आणि आईची धार शेवटपर्यंत बघत राहिले. आई अलीकडे रेडकू शेवटी सोडायला लागली होती. कासेत राहिलेलं ते पिऊन घ्यायचं. मामा म्हणाले, "सगळी फॅट शेवटच्या धारंत असती. ती तू रेडकाला पाजतीस आणि पातळ दूध मला घालतीस. रेडकू आधी सोड, शेवटची धार बादलीत घे."

चार दिवसांत आकडा पुन्हा सहावर गेला. फी मात्र उसनवारीवरच भरली, आणि आईचा राग उतरायला आणखी महिना गेला. मला त्या वयात मामा कठोरच वाटले होते. संस्थेतलं काम संपवून, अंगावरचा ॲसिडचा वास घेऊन ते दुसऱ्याच्या गोठ्यात का आले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

बारावीनंतर वारणानगरच्या यशवंतराव चव्हाण वारणा महाविद्यालयात मी रसायनशास्त्र घेतलं. मे महिन्याच्या सुट्टीत मामांच्या हाताखाली काम मिळालं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला फक्त नळ्या धुवायला लावल्या. मग एकदा एका नळीत फॅट कमी दिसली. ते दूध माझ्या मैत्रिणीच्या घरचं. मी म्हटलं, "मामा, पुन्हा काढू या का? चुकलं असंल."

"काय चुकलं?"

मला सांगता येईना.

त्यांनी नळी उजेडाला धरली. बूच कोरडं होतं, म्हणजे गळती नाही. फॅटच्या बुडाशी काळी जळ नव्हती, पांढरे दहीकण नव्हते. मग म्हणाले, "बूच गळालं, फॅट जळाली, दूध नीट घुसळलं न्हाई, तर खुशाल पुन्हा काढ. पण आधी वहीत कारण लिव. आकडा आवडला न्हाई म्हणून नळी पुन्हा फिरवायची न्हाई."

त्यांच्या वहीला खाडाखोड नव्हती. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. शेजारी कारण, त्याखाली सही. सातवी शिकलेल्या माणसाचं ते अक्षर मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते.

पुढे पुण्याजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिसऱ्या वर्षी एका बॅचच्या गोळ्यांत औषधाचं प्रमाण किमान मर्यादेच्या जरासं खाली आलं. वरिष्ठ म्हणाले, "पुन्हा चालव, येईल." मी चालवलं. हे मी लपवत नाही, चालवलं. दुसऱ्या वेळेला आकडा मर्यादेत आला. मग ते म्हणाले, "पहिला कागद ठेवू नकोस."

दोन्ही कागद माझ्यासमोर होते. रात्रपाळी होती, यंत्राच्या पंपाची टकटक चालू होती. मला मामांचा दोन शब्दांचा प्रश्न आठवला. काय चुकलं? माझ्याकडं उत्तर नव्हतं. नमुना बरोबर तोलला होता, द्रावण बरोबर होतं, यंत्राची सकाळची तपासणी बरोबर होती. मी दोन्ही कागद फाईलला लावले आणि लिहिलं: पहिल्या निकालात चूक आढळली नाही.

बॅच अडकली. मला प्रयोगशाळेतून काढून गोदामाच्या नोंदींवर बसवलं, त्या वर्षी पगारवाढ झाली नाही. आठ महिन्यांनी मी दुसरीकडे गेले. तिथल्या पहिल्याच प्रशिक्षणात अमेरिकेतल्या बार लॅबोरेटरीजच्या खटल्याचा धडा होता. १९९३ सालच्या त्या निकालात न्यायाधीशांनी सांगितलं होतं, की नापास निकालाचं कारण न शोधता पास होईपर्यंत चाचण्या करत राहणं चालणार नाही. वर्गात सगळे टिपून घेत होते. मी लिहिलं नाही. माझे डोळे भरून आले होते, आणि शेजारच्या मुलीला काय सांगावं ते सुचत नव्हतं.

गावी गेले तेव्हा संस्थेत इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं होतं. दूध ओतलं की पडद्यावर आकडा. मला वाटलं, यंत्रानं मामांना घरी बसवलं. तसं नव्हतं. यंत्र यायच्या दोन वर्षं आधीच ते सेक्रेटरींना सांगून मोकळे झाले होते: डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, रेघा दोन दिसतात, आता माझ्या वाचण्यावर कुणाचं बिल काढू नका. कुणी तक्रार केली नव्हती. कुणाला कळलंही नसतं. महिन्याचा पगार मात्र त्या दिवसापासून थांबला.

ते सोप्यात बसले होते. शर्ट नवा होता. मी पाया पडले, शेजारी बसले आणि कंपनीतलं सगळं सांगितलं. फाईल, गोदाम, थांबलेली पगारवाढ. गोळ्या, मर्यादा, यंत्र यातलं त्यांना किती कळलं असेल, सांगता येत नाही. पण मी पुन्हा चालवलं म्हटल्यावर त्यांची मान वळली.

"कारण लिवलं होतंस?"

"न्हाई मामा. नंतर लिवलं. कारण न्हाई म्हणून लिवलं."

ते बराच वेळ गप्प बसले. सूनबाई संस्थेतून रिकामा कॅन घेऊन आली आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि माझ्यापुढं केली.

"वाच. सरळ धरून वाच."

"सहा पॉइंट दोन," मी म्हटलं.

"शेवटची धार घेती ती," मामा म्हणाले, आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.