खाडा

खांद्याला लशीचा डबा अडकवून मी ऊसतोडीच्या तळावर पोचले, तेव्हा ती भाकरी थापत होती. बीडकडची पोर, अडीच महिन्यांचं लेकरू शेजारी झोळीत. पेंटाव्हॅलंटचा दुसरा डोस १० आठवड्यांना द्यायचा असतो, तो बाकी होता. "नको सिस्टर, ताप येतो," ती म्हणाली.

एवढंच बोलली ती, आणि मी सुरू झाले. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, हिब. एका सुईत पाच आजार टळतात, ताप काय, दोन दिवसांत उतरतो. सगळं खरंच होतं. शेवटी आवाज चढवून "लेकराच्या जिवाशी खेळू नकोस" असंही म्हणाले. ती लेकरू उचलून कोपीत गेली. मी रजिस्टरला 'नकार' लिहिला. शेजारच्या कोपीतही तेच झालं.

आठवड्याने आमच्या आशाताई सोबत आल्या. चुलीपाशी बसल्या. "ताप आला त्या रात्री काय काय झालं गं?" एवढं विचारून गप्प राहिल्या. मला ते गप्प बसणं सोसेना. दोनदा तोंड उघडलं. ताईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

मग ती बोलू लागली. पहिल्या डोसनंतर लेकरू रात्रभर रडलं. पहाटे फडात जायचं होतं, हिला जाता आलं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस नसलं की मुकादम खाडा धरतो, ते पैसे उचलीत चढतात. वर नवऱ्याची बोलणी. लशीशी तिचं भांडण नव्हतंच. आणि ताप येऊ शकतो, आला तर काय करायचं, हे पहिल्या डोसच्या वेळी सांगायचं माझंच राहिलं होतं.

"मग कसं करूया?" ताईंनी विचारलं. वाट तिनेच काढली: गुरुवारी सासू गावाकडून येणार होती, लेकराला सांभाळायला. गुरुवारी डोस दिला. पॅरासिटामॉल किती द्यायचं, ते वजनाप्रमाणे ठरवून ड्रॉपरवर पेनाने खूण केली आणि सासूच्या हातात दिला. उशीर झाला म्हणून आधीचा डोस वाया जात नाही, हेही सांगितलं. ती नुसती हसली.

शेजारची कोपी रिकामी होती. ती टोळी दुसऱ्या मुकादमाची, फड संपवून पुढे गेली होती. त्या लेकराच्या नावापुढे माझ्या अक्षरात अजून 'नकार' आहे. त्याच्या आईची अडचण काय होती, ते मी विचारलंच नव्हतं.