भिंतीपलीकडची वेलांटी

‘नोंदणी पूर्ण करा’ हे तीन शब्द एका बटणावर धड बसवणं म्हणजे किरकोळ काम, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी अमळनेरचा हा वेबकारागीर वाद घालत नाही. तो त्यांना बटण दाखवतो. बटण दुसऱ्याच कुणी घडवलेलं असतं, रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून. ओळीची उंची अक्षराच्या मापाइतकीच, बरोबर एक. आणि चौकटीबाहेर जाईल ते छाटून टाका, असा वर हुकूम. ‘सबमिट’चं इंग्रजी रूप त्यात ऐटीत मावतं. ‘पूर्ण’चा रफार मात्र वरून कापला जातो आणि खालचा ऊकार ऱ्हस्व आहे की दीर्घ, तेही कळेनासं होतं.

दुरुस्ती एका ओळीची आहे: ओळीची उंची दीडपट करायची. ती ओळ त्या अक्षरांपर्यंत पोचवायची कशी, हा त्याच्या धंद्यातला गेल्या दशकभराचा छळ आहे. कारण बटण हे वेब कंपोनंट आहे, आणि त्याचं पोट शॅडो डॉमच्या भिंतीआड आहे. भाड्याच्या खोलीसारखा प्रकार. राहा, वापरा, पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रंग, फॉन्ट, ओळीची उंची हे गुण वारशानं आत झिरपतात खरे; पण आतल्या माणसानं तोच गुण स्वतःहून ठरवला असेल तर बाहेरचा वारसा तिथं हरतो. नेमकं ओळीच्या उंचीबाबत हेच होतं.

पूर्वी भिंत भेदता यायची. आरंभीच्या मसुद्यांत त्यासाठी ‘^’ आणि ‘^^’ अशा खुणा होत्या. एक टोप असलेल्या खुणेला तिकडचे लोक ‘हॅट’ म्हणत, आणि दोन टोप शेजारी आले की मांजराचे कान दिसतात म्हणून दुसरीला ‘कॅट’. मे २०१४ मध्ये क्रोमची ३५वी आवृत्ती शॅडो डॉम घेऊन आली तोवर हॅट-कॅट जाऊन ‘::शॅडो’ आणि ‘/डीप/’ आले होते. पहिला एका भिंतीपार नेई, दुसरा वाटेतल्या सगळ्या भिंतींपार. पुढे ‘/डीप/’ला ‘>>>’ हे रूप सुचवलं गेलं. २०१५ मध्ये हे सगळंच मोडीत काढायचं ठरलं, आणि डिसेंबर २०१७ च्या क्रोम ६३ मध्ये ते खरोखर बंद पडलं.

बंद पडण्याची तऱ्हा त्याला अजून खटकते. ‘::शॅडो’ला काहीच सापडेनासं झालं. ‘/डीप/’ची मात्र साधी मोकळी जागा झाली, म्हणजे घरातल्या पोराला हाक मारावी तसा तो फक्त भिंतीअलीकडच्या वंशजांना शोधू लागला. पानावर चूक झाल्याचा एक शब्द नाही. सीएसएसचा, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेचा, हा स्वभावच आहे. न समजलेलं ती मुकाट गिळते.

गिळण्याचा दुसरा प्रकार याहून वाईट. स्वल्पविराम देऊन चार सिलेक्टर, म्हणजे घटक हुडकणाऱ्या खुणा, एकत्र लिहिले आणि त्यांतला एक ब्राउझरला कळला नाही, तर चारही बाद. त्यामुळे स्थित्यंतराच्या काळात जुनी खूण, नवी खूण आणि सफारी-फायरफॉक्ससाठी तिसरीच तजवीज, असा एकच नियम वेगवेगळा लिहावा लागे. ‘:इज()’ हा क्षमाशील सिलेक्टर पुढे आला, पण त्याच्या पोटात ‘::पार्ट’ चालत नाही. क्षमा सगळ्यांना, आपल्याला सोडून.

सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ ची. त्या वेळचा नियम आजही ब्राउझर पाळतो. मग याच एका कोपऱ्यात वर्षा-दोन वर्षांनी व्याकरण का बदलावं? कारागिराचं उत्तर तयार आहे: एकाच ब्राउझरनं घाई केली. सफारी आणि फायरफॉक्सनं शॅडो डॉमची ती पहिली आवृत्ती कधी उचललीच नाही. सगळ्यांना मान्य झालेली दुसरी आवृत्ती क्रोम आणि सफारीत २०१६ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये २०१८ मध्ये. तिनं ‘कंटेंट’ काढून ‘स्लॉट’ आणला, आणि त्यासोबत ‘::स्लॉटेड()’, जो स्लॉटमध्ये बसलेल्या घटकाला ओळखतो पण त्याच्या लेकरांना ओळखत नाही. मधल्या काळात ‘@अप्लाय’ नावाची एक गोड युक्ती होती. गुणांचं अख्खं गाठोडं आत पाठवायचं. सीएसएसची मानकं लिहिणाऱ्यांपैकी टॅब अ‍ॅटकिन्स यांनी ती मांडली आणि त्यांनीच मागे घेतली. कारागिराच्या मते इतकी सभ्य माघार या क्षेत्रात दुसरी नाही.

सभ्यतेचा दुसरा मान तो अ‍ॅटम या कोड लिहिण्याच्या एडिटरला देतो. जानेवारी २०१७ च्या १.१३ आवृत्तीत अ‍ॅटमनं आपल्या लेखनपटलाभोवतीची शॅडो भिंतच काढून टाकली. ज्यांनी ‘::शॅडो’ लिहून आपापले रंग सजवले होते, त्यांचे सिलेक्टर अ‍ॅटमनं उघडताना स्वतः बदलून घेतले आणि शेजारी सूचना ठेवली की आता नव्या पद्धतीनं लिहा, वर्गनावाआधी ‘सिंटॅक्स--’ जोडा. गिऱ्हाइकाचं काम करून देऊन मग समजावणारा एडिटर! तो १५ डिसेंबर २०२२ ला कायमचा बंद झाला, यावर कारागीर काही बोलत नाही. फक्त हल्लीच्या एडिटरबद्दल जरा जास्त बोलतो.

प्रतिस्पर्ध्यांबद्दलही बोलतो. व्ह्यूवाल्यांकडे खरी भिंत नसते, बांधणीच्या वेळी उभी केलेली असते. तरी त्यांनीही ‘>>>’, ‘/डीप/’, ‘::व्ही-डीप’ आणि शेवटी ‘:डीप()’ असा तोच वनवास पुन्हा भोगला. अँग्युलरचा ‘::एनजी-डीप’ वर्षानुवर्षं ‘लवकरच जाणार’ या पाटीखाली सुखेनैव नांदतो आहे. टेलविंड वापरणारे सिलेक्टर लिहीतच नाहीत, त्यांच्याविषयी त्याचं मत छापण्याजोगं नाही.

अमळनेरला बसून हा धंदा करण्यात त्याला काही वावगं वाटत नाही. याच गावात २९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स स्थापन झाली, वनस्पती तुपाची कंपनी. तीच पुढे विप्रो होऊन संगणकांत शिरली. तेव्हा ‘खेड्यातून काम करता का?’ असं पुण्याहून कुणी विचारलं की तो हे सांगतो, आणि सांगताना त्याचा स्वर विप्रो आपणच काढल्यासारखा असतो.

आता मूळ दुखणं. पुण्या-मुंबईकडची अडलेली कामं त्याच्याकडे येत ती एकाच ख्यातीमुळे: दुसऱ्याच्या कंपोनंटमध्ये बाहेरून हात घालावा तो यानंच. आतल्या माणसाला न विचारता. ‘न विचारता’ यातच सारी मौज होती. खुणा बदलत गेल्या तसा तो दर वेळी नवी फट शोधी, आणि ती सापडल्यावर ज्या दिमाखानं काम परत धाडी, तो दिमाख बिलात लावता आला असता तर त्यानं लावला असता.

प्रताप कॉलेजात शिकणारी एक मुलगी त्याच्याकडे काम शिकायला येऊ लागली. जुन्या फायलीतला ‘/डीप/’ पाहून ती म्हणाली, “दादा, हाई काय शे?” त्यानं हॅट-कॅटपासून सगळं रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की मग बटण बनवणाऱ्यांनाच का सांगत नाही?

‘::पार्ट’ची रीत हीच आहे. घडवणाऱ्यानं आतल्या तुकड्याला नाव द्यायचं, बाहेरच्यानं त्या नावानं हाक मारायची. मार्च २०१९ मध्ये ती क्रोममध्ये आली, पुढच्या वर्षी फायरफॉक्स आणि सफारीत. कारागिराला ती ठाऊक होती, पण ज्याला नाव नाही त्याच्यासाठी कुणाकडे तोंड वेंगाडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मुलीनं त्या परक्या मंडळींना कापलेल्या ‘पूर्ण’चं चित्र पाठवलं, देवनागरीला वर-खाली जागा का लागते ते चार वाक्यांत लिहिलं. पुढच्या आवृत्तीत बटणातल्या अक्षरांना ‘लेबल’ हे नाव मिळालं. एक नियम, सगळ्या ब्राउझरांत चालणारा. त्याला आनंद झाला असं तो म्हणतो. तिच्याशी त्या दिवशी तो जरा तुटक वागला, हेही तोच सांगतो.

दिनदर्शिकेच्या कंपोनंटपाशी मुलगी अडली तेव्हा मात्र त्याचा चेहरा खुलला. तिथं बुध, गुरू, शुक्र हे लागोपाठ तीन वार खालून कापले जात होते. वारांची पट्टी हे दिनदर्शिकेच्या आतलं आणखी एक कंपोनंट. नाव होतं, पण ‘एक्स्पोर्टपार्ट्‌स’ लिहून ते बाहेरच्या भिंतीपर्यंत कुणी पोचवलेलं नव्हतं. ‘::पार्ट’च्या पुढे आणखी आत उतरता येत नाही, तिथंच वाट संपते. आतल्यानं ‘!इम्पॉर्टंट’ लावलं असेल तर मग बोलायलाच नको: साध्या नियमांत बाहेरचा जिंकतो, ‘!इम्पॉर्टंट’ लावताच क्रम उलटतो आणि आतला जिंकतो. हे उलटं गणित त्यानं तिला फळ्यावर लिहून दाखवलं, गरजेपेक्षा जरा मोठ्या अक्षरांत.

मग त्यानं आपली फट दाखवली. शॅडो रूट, म्हणजे भिंतीआडचं मूळ, उघडा आहे, जावास्क्रिप्टनं आत आपलं स्टाइलशीट चिकटवायचं, दोन मिनिटांचं काम. तीन वार क्षणात उभे राहिले. मुलगी म्हणाली, पुढच्या आवृत्तीत आतलं वर्गनाव बदललं की हे पुन्हा कापले जातील, आणि तेव्हाही ब्राउझर काही बोलणार नाही. तिचं बरोबर होतं. तरी काम उद्या द्यायचं होतं, म्हणून फटीचा नियमच गेला. तिनं आपलं विनंतीपत्रही धाडलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन गावात भरलं, तेव्हा तो घरी बसून कंपोनंटच्या अवस्था दाखवणारी जुनी खूण नव्यानं लिहीत होता. क्रोमनं २०२१ मध्ये दोन आडव्या रेघांची दिलेली ती खूण आता ‘:स्टेट()’ होणार होती. हल्ली मानकं ठरवणाऱ्यांत आणखी एक चर्चा चालू आहे: पानाच्या मालकाचे नियम शॅडो रूटमध्ये येऊ द्यायची मुभा कंपोनंटनं आपणहून द्यावी का, आणि कशी. मुलीला यात विशेष रस नाही. मुभा पुन्हा आतल्यानंच द्यायची, मग मागणं आलंच, असं ती म्हणते. तो मात्र चर्चेतला प्रत्येक मसुदा वाचतो आणि वहीच्या समासात, या खेपेला कुठली खूण निवडतील, याचे अंदाज बांधत बसतो.